लकीरवाले बाबूजी

संध्याकाळी साडेपाच वाजले की आमच्या कार्यालयातले जावक बाबूजी कपाटातून लाकडी पट्टी काढत, जावक रजिस्टरमधल्या शेवटच्या नोंदीखाली लाल शाईची रेघ मारत, तिच्याखाली वेळ लिहीत आणि सही करत. मगच पाणी पीत. या रेघेमुळे सगळं कार्यालय त्यांना ‘लकीरवाले बाबूजी’ म्हणत असे. मी फक्त बाबूजी म्हणायचो. आमचं कार्यालय हिंदी मुलखातलं, पण खातं कोणतं ते सांगत नाही. माझी पेन्शन अजून तिथूनच निघायची आहे.

ज्यांनी सरकारी कार्यालयात दिवस काढलेत त्यांना रेघेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक आणि तारीख लागते. बहुतेक ठिकाणी जावकचा बाबू रोज दोन-चार क्रमांक कोरे सोडतो. पुढे कुणाला जुन्या तारखेचं पत्र हवं झालं की ते त्या जागेत बसवायचं. याला ‘सोय’ म्हणतात. बाबूजींच्या रेघेखाली ही सोय नव्हती.

एकदा वरिष्ठ कार्यालयाला द्यायचं उत्तर चार दिवस राहून गेलं. साहेब स्वतः बाबूजींच्या टेबलाशी आले. “बाबूजी, सोमवार की तारीख डाल दो.”

“साहेब, तारीख आजची टाकतो आणि उशीर झाला, माफ करा, असं एक वाक्य वाढवतो,” बाबूजी म्हणाले. “माफी मागायला कोणत्याच नियमात मनाई नाही.”

साहेबांनी माफी मागितली नाही, पण तारीख आजचीच पडली.

बाबूजी जवळच्या निंबोला गावचे. घरची थोडी केळी होती. कापणीच्या दिवसांत ते पिशवी भरून आणत आणि शिपायांपासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांना वाटत. साहेबांच्या केबिनमध्ये एकही केळं जात नसे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “शिपायाला दिलं तर ते केळं. साहेबांना दिलं की ती भेट.”

त्यांचं मला कौतुक होतं, पण मी स्वतःला त्यांच्याहून एक पायरी वरचा समजत असे. कारण मी हिशोबाचा माणूस. घरातला गॅस सिलिंडर किती दिवस चालला हे मी गेली बावीस वर्षं कॅलेंडरवर लिहीत आलोय. माझी बेरीज कधी चुकत नाही. ज्याची बेरीज चुकत नाही तो प्रामाणिकच असणार, अशी माझी पक्की समजूत होती. बायकोला या समजुतीबद्दल शंका होती, पण तिने ती लेखी दिलेली नव्हती.

मग बाबूजींच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू निघाला. त्यांनी महिन्याची रजा घेतली आणि जावकचा चार्ज माझ्याकडे आला. पहिल्याच सकाळी साहेब म्हणाले, “महाजन, चार नंबर रोज खाली रखा करो. अर्जेंट में काम आते हैं.”

मी कोरे सोडले. नुसते सोडले नाहीत, नीट सोडले. रोज बरोबर चार, ना कमी ना जास्त. पेन्सिलने बारीक अंक घातलेले, आणि त्यांची यादी वेगळ्या कागदावर. अठरा दिवसांत बहात्तर जागा झाल्या. अव्यवस्था इतक्या व्यवस्थितपणे ठेवणारा माणूस त्या कार्यालयाने आधी पाहिला नसेल.

अठराव्या दिवशी साहेबांनी एकोणीस नोटिसांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. आमच्याच शहरातल्या लालबागकडच्या एका नाल्याकाठी एकोणीस घरं होती, ती पाडायची होती. नियमाप्रमाणे घरवाल्यांना उत्तर द्यायला पंधरा दिवस मिळायला हवेत. पाडायचं यंत्र परवाचं ठरलं होतं आणि नोटिसा निघायच्याच राहिल्या होत्या. “पहले हफ्ते के खाली नंबरों में चढ़ा दो,” साहेब म्हणाले. “ऊपर से बहुत दबाव है, भाई.”

पहिल्या आठवड्यात पाच दिवस, रोज चार, म्हणजे वीस जागा. नोटिसा एकोणीस. एक जागा शिल्लक राहते, हे बघून मला क्षणभर समाधान वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण आकडा बरोबर आहे म्हणून लिहितो.

मग बाबूजींची आठवण झाली. मी छाती काढून म्हणालो, “साहेब, लेखी द्या.” वाटलं, आता मागे सरतील. साहेबांनी माझ्याच टेबलावरची चिठ्ठी ओढली, ‘मेरे निर्देशानुसार रिक्त क्रमांकों पर दर्ज करें’ असं लिहिलं आणि सही ठोकली. “और कुछ?”

 चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. आता आपण सुरक्षित, असं वाटून चहासुद्धा मागवला.

त्याच दुपारी बाबूजी डॉक्टरचं सर्टिफिकेट द्यायला आले, काळा चष्मा लावून. मी त्यांना कोपऱ्यात घेऊन चिठ्ठी वाचून दाखवली. शाबासकी मिळेल या हिशोबाने.

“आणि तू चढवणार?” त्यांनी विचारलं.

“लेखी आहे ना, बाबूजी.”

“लेखी मिळालं म्हणजे खोटं खरं होत नाही, महाजन. तुझ्यासोबत अजून एक जण सापडतो, एवढंच.” मग जरा थांबून म्हणाले, “मला एक सांग, ते घरवाले आज हातात पडलेला कागद तीन आठवड्यांपूर्वी कसा वाचणार?”

 मी म्हणालो, “तुम्ही सांगा ना साहेबांना. तुमचं ऐकतात.”

“मी रजेवर आहे. चार्ज तुझा आहे. तुझ्या चार्जचा नकार मी कसा देणार?”

मी नकार लिहायला कागद घेतला. बाबूजींना वाचायची मनाई होती, म्हणून मी लिहून मोठ्याने वाचायचं ठरलं. पहिला मसुदा होता: ‘रजिस्टरमध्ये जागा शिल्लक नसल्याने...’

“बहात्तर जागा आहेत,” बाबूजी म्हणाले. “पुन्हा लिही.”

दुसऱ्यात मी प्रकृतीचं कारण दिलं. तिसऱ्यात मार्गदर्शन मागितलं. “मार्गदर्शन त्यांनी केलंय की,” बाबूजी म्हणाले, “तेच तर नकोय. जागा नाही म्हणून नाही, तब्येत नाही म्हणून नाही. नियमात बसत नाही म्हणून नाही. एवढं लिहायला इतका कागद लागतो का रे?”

चौथा मसुदा दोन ओळींचा झाला. मागील तारखेची नोंद नियमबाह्य असल्याने मी करणार नाही. नोटिसा आजच्या तारखेने काढण्यास तयार आहे. मग मी पट्टी घेऊन बहात्तर जागांवर लाल रेघा मारल्या, प्रत्येकीपुढे ‘रद्द’ लिहून आजची तारीख आणि सही केली, आणि केबिनमध्ये गेलो.

साहेबांनी दोन ओळी वाचल्या. “किसने सिखाया?”

कोपऱ्यातल्या काळ्या चष्म्याचं नाव जिभेवर आलं होतं. “कोणी नाही, साहेब,” मी म्हणालो. “बेटी का एडमिशन है ना इस साल?” त्यांनी शांतपणे विचारलं. मी “हो” म्हणालो आणि तसाच उभा राहिलो.  

नोटिसा आजच्या तारखेने गेल्या. यंत्र परवा आलं नाही. पंधरा दिवसांत सात घरवाल्यांनी जमिनीच्या सरकारी पट्ट्याचे कागद शोधून आणले. ती घरं आजही उभी आहेत. बाराजणांकडे कागद नव्हते. त्यांची घरं पडली, पण त्याआधी त्यांना छपराचे पत्रे, दारं आणि भांडीकुंडी हलवता आली. मला मात्र तीन वर्षं रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तिथे उंदीर होते. ते मी मोजले नाहीत.

बाबूजींना मी मनातल्या मनात फार उंच ठेवलं होतं. साहेब समोर उभे असतानाही त्यांची रेघ कधी वाकडी गेलेली मी पाहिली नव्हती. अशी माणसं वेगळ्याच मातीची असतात आणि आपण आपले हिशोबापुरते, असं मानून मी माझी सोडवणूक करून घेत असे.

गेल्या वर्षी ते गेले. मी निंबोल्याला काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भेटायला गेलो. ओट्यावर काकूंच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, “बाबूजींना कधी कोणाची भीती वाटली नाही.”

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “कोन म्हने? साहेबाले नाही म्हनून आले की दोन दिवस त्यांचं पोट बिघडे. मी ओव्याचं पानी करूनच ठेवायची. तुमच्या त्या नोटिसांच्या दिवशी तर रजेवर होते ना, तरी रात्रभर तेच. म्हने, महाजनचं काय होईल?”

 मग जे इतक्या वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं ते काकूंना सांगितलं. त्या दिवशी केबिनमध्ये जाण्याआधी मी पाच वेळा संडासला जाऊन आलो होतो.

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. “मंग तुमचंबी त्यांच्यासारखंच बरोबर होतं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी ओव्याचं पाणी आणायला आत गेल्या.