काटेमामाची चाळीस मिनिटं

आमच्या मामाला अख्खा विमानतळ काटेमामा म्हणायचा. विमानतळ तरी कसला, डोंगरातली एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली आणि तिच्यात वजनकाटा. विमान एवढंसं, म्हणून बॅगांबरोबर माणसंही तोलायची. हे काम मामाचं. वजन जास्त भरलं की कुणाला खाली ठेवायचं, हेही तोच ठरवायचा. लोक त्याला टरकून असायचे.

डोंगरापलीकडच्या तसल्याच एका विमानतळाजवळ मी आणि आई राहायचो. रस्त्याने वळसा घालून यायचं तर दोन दिवस, विमानाने चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांनीच घात केला. आम्ही लांब असतो तर मामा वेळेवर निघाला तरी असता. फोनवर त्याचं एकच पालुपद, "ताई, चाळीस मिनिटांचं तर अंतर. केव्हाही येईन गं." त्याला कडेवर घेऊन वाढवणारी आई हसून म्हणायची, "ये बाबा, सवडीने ये." वर्षं गेली, सवड काही झाली नाही.

आई अंथरुणाला खिळली आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी फोनवर त्याला खडसावलं, "मामा, तिकीट काढ आणि नीघ. ती तुझीच वाट बघतेय."

"तिकीट कशाला? रिकामी जागा आम्हा स्टाफला फुकट असते. उद्या येतोच."

फुकट ते पौष्टिक! वास्तविक त्याला सगळं ठाऊक होतं. वारा समोरून आला की चाळीसची पन्नास मिनिटं होतात, इंधन जास्त लागतं आणि तेवढं वजन कमी करावं लागतं. मग सगळ्यांत आधी खाली उतरतो तो फुकट्या.

दुसऱ्या दिवशी मी धावपट्टीजवळ उभी राहिले. विमान उशिरा आलं. चार प्रवासी उतरले, तीन मोठी खोकी उतरली, शेवटी मामाची बॅग उतरली. मामा नाही.

"समोरून वारा होता," वैमानिक म्हणाला. "काटेमामा आपणहून उतरले. घाईत बॅग राहिली."

"आणि ही खोकी?"

"आमच्या मोठ्या साहेबांची आहेत."

जन्मभर गरिबांची बोचकी उतरवली, पण साहेबाच्या खोक्याला हात लावायची छाती झाली नाही. मी तिथेच, चारचौघांत, त्याला शिवी हासडली.

आईने मात्र बॅग उशाशी ठेवून घेतली. "बॅग आलीय ना, मग तो मागोमाग येतोच आहे," म्हणाली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली. वारा हटेना. मामा रोज फोन करायचा, "आजही समोरचाच गं." तिकीट काढ म्हटलं की फोन ठेवायचा. आणि एका सकाळी आई गेली. तिचा हात बॅगेच्या पट्ट्यावरच होता. मी मामाला फोन लावला, पण त्याचा बंद होता.

दुपारी तो धापा टाकत दारात आला. बाहेर चपलांचा ढीग होता, तोही त्याला दिसला नाही.

"ताई, आज वारा पाठीशी होता! पस्तीस मिनिटांत आलो बघ!"

मी उशाजवळची बॅग उचलून त्याच्या पायाशी ठेवली.

"ही घे तुझी बॅग," मी म्हटलं. "ही तेवढी वेळेवर आली होती."