लसींचा फ्रीज आणि छतावरच्या कुरडया

आमच्या गावच्या उपकेंद्रात उन्हावर चालणारा फ्रीज आला, तेव्हा माझ्या घरात साधासुद्धा फ्रीज नव्हता. नव्वद सालानंतरची गोष्ट. पारनेर तालुक्यात लाईट यायची कमी आणि जायची जास्त. म्हणून लहान पोरांच्या लसी थंड ठेवायला उपकेंद्राच्या छतावर काळ्या काचेच्या चार प्लेटा बसवल्या आणि खाली बॅटऱ्या ठेवल्या. मी तिथे मदतनीस होते. शिक्षण चौथी. सकाळी प्लेटा पुसायच्या, बॅटरीतलं पाणी बघायचं, आणि सकाळ-संध्याकाळ फ्रीजचा काटा वाचून रजिस्टरात आकडा लिहायचा. काटा आठच्या वर गेला की लस बाद, एवढं नर्सबाईंनी शिकवलं होतं.

प्लेटा मी अशा पुसायचे की त्यात बघून कुंकू लावावं. हे घरी दहा वेळा सांगितलं. तिथेच चुकले.

चैत्र लागला तसा काटा चढायला लागला. सहा, सात, साडेसात. बॅटरीचा हिरवा दिवा जाऊन लाल लागला. नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, पुसता ना रोज?"

"शंका असली तर जीभ लावून बघा," मी म्हणाले.

चिठ्ठी धाडल्यावर आठवड्याने नगरहून मेकॅनिक आला. मी सकाळचं काम उरकून घरी गेले होते, मला बोलावून घेतलं. त्याने खालीच तारांना मीटर लावलं आणि मान हलवली.

"वरून निम्माबी करंट येत न्हाई, मावशी. तुमी पुसत न्हाई. तसंच लिहावं लागंल."

तसं लिहिलं असतं तर माझी जागा गेली असती.

"लिहायच्या आधी वर चला," मी म्हणाले.

भर दुपारी आम्ही बाहेरचा जिना चढलो. चारपैकी तीन प्लेटांवर कुरडया घातलेल्या, ओळीने, बाजेवर घालाव्या तशा. शेजारी छत्री उघडून, कावळे हाकायची काठी घेऊन माझी सासू बसलेली. शेजारणीच्या माळवदावर वाळवण घालते, असं ती मला सांगायची. मी संध्याकाळी येईपर्यंत सगळं उचलून मोकळी व्हायची.

"आजी, हे काय?" मेकॅनिक म्हणाला.

"कुरडया. दिसत न्हाई व्हय?"

"अहो, हे यंत्र हाय!"

"मग मी काय खाल्लं का त्याला? हीच म्हनली, लई लख्ख काच हाय." काठी माझ्याकडे वळली. "एवढं ऊन नुसतं काचंवर पडून वाया चाललं हुतं."

मेकॅनिक हसत खालीच बसला. मला हसू आलं नाही.

"आत्याबाई, उचला आधी ते."

"वल्ल्या हायेत अजून."

"असू द्या."

त्याने कागद काढला. "काय लिहू, मावशी?"

"दिसलं ते लिहा. सासू माझी हाय, तेबी लिहा."

त्याने तसंच लिहिलं. खाली येऊन बघितलं तर काटा नऊवर. नर्सबाईंनी कुप्या मोजून बाद केल्या आणि त्या बुधवारचं लसीकरण रद्द केलं. माझी जागा राहिली, पण अट पडली: दुपारी बाराला छतावर जाऊन यायचं आणि तिसरा आकडा लिहायचा. सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तो महिना बरा गेला.

तान्ही पोरं असलेल्या प्रत्येक घरी मलाच सांगायला जावं लागलं. एक बाई दारातूनच म्हणाली, "का गं, कुरडया वाळायच्या राहिल्या व्हय?"

"वाळल्या. तुझ्या पोराची लस गेली त्यात. पुढच्या बुधवारी ये."

पुढच्या बुधवारी काटा पाचवर होता. एक सोडून सगळ्या पोरांना लस मिळाली. त्या एकाची आई रानात खुरपत होती. तिला मी अर्ध्या ओळीवरून उठवलं. उपकेंद्रापर्यंत शिव्या देत आली, पण पोर घेऊन आली.