केबलच्या वाटेतलं विमान

"हा खडक नाही," मुश्ताक म्हणाला. "खडकाला पंख नसतात."

अबुधाबीच्या किनाऱ्यापासून बरेच लांब, सर्व्हेच्या बोटीवर होतो आम्ही. माझं काम हायड्रोग्राफिक सर्व्हेचं, म्हणजे समुद्राच्या तळाचा नकाशा काढायचं. बोटीखालून आवाज सोडायचा. तळावर आपटून तो परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून खोली कळते. तिथून विजेची केबल जाणार होती आणि नेमका त्या लाइनवर, स्क्रीनवर एक क्रॉस उमटला होता.

दुबई मरीनाच्या ऑफिसातून प्रोजेक्ट मॅनेजरांचा फोन आला. "डेब्री, कचरा म्हणून मार्क कर आणि पुढे चल. केबल टाकणारं बार्ज थांबलंय."

"सर, एकदा कॅमेरा खाली सोडतो."

"कशाला?"

"विमान वाटतंय."

"बघ. पण लवकर."

मुश्ताक रत्नागिरीचा, आमचा आरओव्ही पायलट. आरओव्ही म्हणजे वायरीला बांधलेला, कॅमेरा लावलेला पाण्याखालचा रोबो. त्याने तो सावकाश खाली नेला. हिरवं गढूळ पाणी, मग वाळू, मग इंजिनाचा एक पंखा. दोन इंजिनांचं, फार जुन्या काळातलं प्रवासी विमान पोटावर सरळ बसलं होतं. अंगभर कालवं धरलेली. खिडक्यांतून मासे ये-जा करत होते.

खालिद बोटीवरचा क्लायंटचा, म्हणजे केबलच्या मालकांचा माणूस. सकाळपासून "यल्ला, यल्ला", चला लवकर, करून त्याने डोकं खाल्लं होतं. आधी तो विमानांच्या मेंटेनन्समध्ये होता. तो खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आला.

"पंखा दिखाओ. अब दूसरा." मग हळू आवाजात म्हणाला, "इंजिन चालू असताना आपटलं तर पाती वाकतात. ही सरळ आहेत. म्हणजे दोन्ही इंजिनं बंद होती. तरी पायलटने अलगद उतरवलंय."

"मग लोक बाहेर पडले असतील," मी म्हणालो.

मुश्ताकने कॅमेरा दाराकडे वळवला. दार बंद होतं. हँडलही जागच्या जागी.

एवढ्या निगुतीने पाण्यावर टेकवलेलं विमान, आणि दार कोणी उघडलंच नव्हतं.

मुश्ताक आणि खालिदने दुआसाठी हात उचलले. मी हात जोडले.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तो खालिदने घेतला. "केबल वळवा," तो म्हणाला. "हो, क्लायंटच सांगतोय. खलास."

नवी लाइन शोधण्यात आमचे बरेच दिवस गेले. सरकारी तज्ज्ञ आले. इंजिनावरच्या नंबरावरून त्यांनी विमान ओळखलं. प्रवासी आणि टपाल घेऊन निघालेलं ते विमान मुक्कामी पोचलंच नव्हतं. तेव्हाच्या चौकशीत लिहिलं होतं, कारण अज्ञात. आमचं सगळं फुटेज पाहून यांनीही तेच लिहिलं.

केबल आता त्याला वळसा घालून जाते. तळावरची वस्तू कुठे आहे, ते सर्व्हेअर वीतभरही न चुकता सांगतो. का आहे, ते मात्र त्याला विचारू नये.