आत्याच्या विहिरीतली मरळ

जिजाआत्या रोज सकाळी मूठभर करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, घेऊन विहिरीवर जायची आणि कठड्यावरून वाकून विचारायची, "उठलात काय?" मग खालून सापासारखं काळं डोकं वर यायचं, टप्पदिशी हवेचा घोट घ्यायचं आणि तिच्याकडे बघत राहायचं. आत्या करंदी टाकायची आणि मगच पहिली कळशी भरायची. माझा जन्म मासे धरण्यात गेला, पण त्या मरळीच्या नजरेला नजर द्यायला मला कधी जमलं नाही.

ती मरळ आत्याचे यजमान बळीराममामा यांनी विहिरीत सोडली आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. आमच्या जूचंद्र गावात विहिरीत मासा सोडायची जुनी रीत. मासा जिता, तर पाणी चांगलं. मरळ बाई की बाप्या कोण जाणे, पण आत्या तिला 'अहो' म्हणायची, आणि कुणी हसलं तर त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावायची.

आत्याचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. डोळे दिपवणाऱ्या उन्हात मीठ ओढायचं, टोपल्या वाहायच्या, भेगाळलेल्या पायांनी घरी यायचं. आल्याबरोबर तांब्याभर विहिरीचं पाणी घटाघट प्यायची आणि मगच कुणाशी बोलायची. दिवसभर खारात उभ्या राहिलेल्या बाईला गोड्या पाण्याचं केवढं कौतुक असतं ते मी तिच्याकडे बघून शिकलो.

पुढे भोवतालच्या दलदलीच्या खाजणात भराव पडला, टॉवर उभे राहिले, बोअरवेलनी जमिनीतलं पाणी उपसलं, आणि आत्याची विहीर चमत्कारिक वागायला लागली. खाडी तिथून दिसतही नाही, पण भरतीला विहीर चढायची आणि ओहोटीला उतरायची. अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी पाणी कठड्यापासून हातभर अंतरापर्यंत चढायचं आणि ती मरळ अगदी वर, न हलता, वाट बघत असायची. अंगणातली तुळस वाळली. चहा फाटायला लागला तेव्हा आत्या दूधवाल्याशी भांडली, डाळ शिजेना तेव्हा वाण्याशी.

"आये, पानी मचूल झालंय," तिचा मुलगा प्रितेश म्हणाला. तो कधीपासून बाटल्याचं पाणी पीत होता.

"मरल जिती हाय ना? बाटल्याचं पानी पिऊन तुजीच जीब मेलीय."

एकदा उधाणात बांध फुटून खाडी भातशेतात शिरली होती, तेव्हा शेतातल्या मरळी पोटं वर करून तरंगल्या होत्या. गावानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. खारं पाणी आलं की मरळ मरणार हे आम्हालाही तितकंच पक्कं ठाऊक होतं.

प्रितेशची बायको रोशनी वाडा तालुक्यातली, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पिऊन वाढलेली. तिला दिवस गेले आणि आत्याला आभाळ ठेंगणं झालं. पोटुशी बाईला बाटल्याचं मेलेलं पाणी नको, ज्या पाण्यात जीव आहे तेच हवं, म्हणून ती स्वतः पेला भरून द्यायची आणि रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची.

"आई, खारट लागतंय," रोशनी म्हणायची.

"या दिसांत सगलंच खारट लागतं. पी."

रोशनीचे पाय सुजले. माणिकपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बीपी वाढलंय, मीठ बंद करा. आत्यानं त्याच दिवशी मिठाची बरणी माळ्यावर टाकली. सगळं घर अळणी जेवायला लागलं. बीपी तरी चढतच गेलं. एकदा मी तिथेच जेवत होतो, तेव्हा रोशनीनं घास तोंडात धरला आणि हळूच म्हणाली, "आई, हा अळणी भातही खारट लागतोय." भात त्याच विहिरीच्या पाण्यात शिजलेला. आत्यानं मात्र आपला घास शांतपणे गिळला.

त्याच आठवड्यात मी नायगावच्या खाडीवर जिताड्याच्या आशेनं गळ टाकला होता. भरती पुरती चढली होती. झटका बसला आणि हातानं आधी ओळखलं, मग डोळ्यांनी. मरळ! खवले मीठ चोळल्यासारखे पांढुरके, पण आजारी नाही, चांगली माजलेली. मी खाडीचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. खारट जहर. म्हणजे मरळ खाऱ्यातही जगत होती. ओल्या पोत्यात मासा गुंडाळला आणि तडक आत्याकडे गेलो.

रोशनी ओट्यावर डोकं दाबून बसली होती. आत्या पाणी शेंदत होती. मी पोतं तिच्यापुढे उघडलं.

"कुटं गावली?"

"खाडीत. भरतीच्या पाण्यात."

"तल्यातली असंल रे."

"नाही आत्या. खाडीतली."

पोत्यातून टप्प असा आवाज आला. लगेच विहिरीतूनही आला. आत्यानं पोत्याकडे पाहिलं, मग विहिरीत.

"मिठाची बरनी कार," ती म्हणाली.

मी माळ्यावरून बरणी काढून दिली. तिनं चिमूट जिभेवर ठेवली. मग मूठच भरली आणि तोंडात टाकून साखर खावी तशी चावत राहिली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"विकी, ह्ये मीठच हाय ना रं?"

मीही चिमूट जिभेला लावली; मीठच होतं. तेवढ्यात रोशनी म्हणाली की डोळ्यांपुढे अंधारी येतेय, आणि ओट्यावरच कलंडली.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. दिवस भरायच्या आतच पोट चिरून मुलगी काढावी लागली. दोघी जगल्या. पोर मात्र एवढीशी, काचेच्या पेटीत नळ्या लावून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी आत्यानं तिला बाहेरूनच पाहिलं, काचेला हातही लावला नाही, आणि मला म्हणाली, "घरी चल."

दुपारची भरती होती. विहीर वर आली होती. सवयीनं तिनं करंदी मुठीत घेतली, पण कळशी घेतली नाही. कठड्यावर वाकली.

"मेलात का नाय तुमी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "येवरं खारं झालं, तरी जिते राह्यलात. मेला असतात तर मना कललं असतं."

मरळ वर आली. हवेचा घोट घेतला आणि तोंड वर करून थांबली. आत्यानं मूठ उघडली नाही.