माना पोतेनचं सहावं गाठोडं

“धुतलेलं ज्याचं त्याच्या अंगावर.”

माना पोतेन हे इतक्यांदा म्हणायची की आमच्या वाडीतली पोरं ते आधी शिकली आणि देवाची प्रार्थना मागाहून. कुणाची कोंबडी शेजाऱ्याच्या अंगणात अंडं घालून आली तरी तिचा न्याय हाच. तिचा नवरा तिबो हसायचा, “अगं, कोंबडी कुठं धुतलेली होती?” ती म्हणायची, “अंडं तरी स्वच्छ होतं ना!”

नाव तिचं पोतेन्सियाना. माना म्हणजे थोरली बहीण. वाडीत तिच्याहून वडीलधाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण घराघरातली मळकी गुपितं जिच्या हातून धुऊन निघतात ती सगळ्यांचीच थोरली. झऱ्याकाठचा सपाट काळा दगड तिच्या आईचा, आईच्या आईचा. त्यावर धोपाटणं पडू लागलं की गिवान गावाच्या किनाऱ्यावर दिवस उजाडला असं आम्ही समजायचो. कोंबड्याचा भरवसा नव्हता, माना पोतेनचा होता.

जपान्यांच्या तीन वर्षांत दगड मुका झाला. साबण संपला, मग राखेनं धुतलं. पुढं पुढं धुवायला कापडच उरलं नाही. बाप्ये रानकेळीच्या सोपटाचं खरखरीत विणकाम कमरेला गुंडाळून हिंडायचे. तिबोची एकुलती एक विजार इतक्या ठिगळांची झाली की मूळ कापड कोणतं, हे तोही सांगू शकत नसे.

मग अमेरिकन आले आणि खाडी जहाजांनी भरली. समोरच्या मनिकानी बेटाशी त्यांनी तरंगत्या गोद्या उभ्या केल्या. उत्तरेकडे, ओकिनावाच्या बाजूला, लढाई पेटली होती. परत जायचंच नाही असं ठरवून निघालेली जपानी पोरं आपली विमानं बाँबसकट जहाजांवर आणून आदळत होती. तिथून जहाजं यायची ती कुणाची कूस फाटलेली, कुणाची चिमणी वाकलेली, कुणाचं नाक चेपलेलं. गोदीत ती माशासारखी उचलून धरायची आणि ठिणग्यांच्या पावसात त्यांची कातडी पुन्हा शिवायची. तिबो सकाळी तिथं जहाजांच्या बुडाचे शिंपले खरवडायला जाई आणि उन्हं कलली की माडावर चढून माडी उतरवी.

माना पोतेनच्या दगडाला पुन्हा कंठ फुटला. तिच्याकडे एका जहाजावरच्या सहा खलाशांचे कपडे असायचे. तिला अक्षरओळख नव्हती, आणि त्यांची नावं तिच्या जिभेवर बसत नव्हती. म्हणून प्रत्येकाच्या कॉलरच्या आत ती रंगीत दोऱ्यानं एक खूण घाली आणि तेच त्याचं नाव. लाल तोंडाचा तो मिरची. तिरका चालणारा तो खेकडा. टकल्या तो नारळ. चष्मेवाला घुबड. जांभळ्या नाकाचा केळफूल. आणि सहावा तारा. तो धुणं टाकून निघून जात नसे. झऱ्यावरून तिची बादली उचलून आणी, अर्धी सांडी आणि वर हसत उभा राही. “अरे ताऱ्या,” ती म्हणायची, “तुझ्या आईनं तुला पाणी वाहायला नाही, पाणी घालायला शिकवलंय.” त्याला एक अक्षर कळत नसे. तो आणखी हसे.

एके दिवशी ते जहाज घाईनं उत्तरेला निघून गेलं. कपडे राहिले. तिनं ते खळ देऊन, निळीत बुडवून, कोळशाच्या इस्त्रीखाली केळीचं पान सरकवत कडक केले आणि सहा गाठोडी करून फळीवर मांडली.

काही आठवड्यांनी तिबो गोदीवरून आला तो अंगणातच बसला.

“त्यांची बोट गेली,” तो म्हणाला. “दोन विमानं पडली म्हणे तिच्यावर. गोदीत सगळे तेच बोलतायत. बुडाली.”

माना पोतेन हातातला पिळा पिळतच राहिली. पाणी केव्हाच संपलं होतं.

संध्याकाळपर्यंत वाडी अंगणात गोळा झाली. दुःख करायला आली होती, खोटं कशाला बोला. पण डोळे फळीवर होते. सहा माणसांचे पांढरे शुभ्र कपडे! माना पोतेनची लेक लुदी, तिचं लग्न जूनमध्ये ठरलेलं, आणि नवरीच्या अंगावर घालायला घरात हातरुमालाएवढंही पांढरं कापड नव्हतं.

“मेलेल्याला कसली लाज,” शेजारीण म्हणाली. “पोरीचा झगा होईल, वर तिबोची विजारही निघेल.”

“विजारीचं मी काही बोललो नाही,” तिबो म्हणाला, आणि ठिगळावर हात ठेवला.

“नानाय,” लुदी आईला म्हणाली, “मी आहे त्यात उभी राहीन.” पण म्हणताना तिनंही फळीकडे पाहिलंच. ते आईनं पाहिलं.

माना पोतेननं कात्री काढली. दगडावर घासून धार लावली. मग ती फळीवरच, गाठोड्यांशेजारी ठेवली.

“आधी नऊ दिवसांची प्रार्थना,” ती म्हणाली. “त्यांचे आईबाप समुद्रापलीकडे. त्यांना कळेपर्यंत हे सहा जीव कुठं वणवण करतील? नवव्या दिवशी त्यांना जेवू घालू, निरोप देऊ. मग कापडाचा धनी कुणी उरत नाही. तेव्हा कापीन. त्याच्या आधी कुणी बोट लावलं तर त्याचं बोट कापीन.”

प्रार्थना सांगायला लोला तार्सिला आली. लोला म्हणजे आजी. वाडीतलं प्रत्येक मरण तिच्या तोंडून देवाकडे जायचं. मेणबत्ती लावून ती म्हणाली, “नावं सांग.”

“मिरची, खेकडा, नारळ...”

“हे काय, बाजार करायला निघालीस? बाप्तिस्म्याची नावं सांग.”

“तीच तर येत नाहीत.”

“मग देवाला कसं कळायचं, कोण मिरची नि कोण खेकडा?”

“मला कळतं, आणि देवाला कळणार नाही? त्याला काय माझ्यापेक्षा कमी दिसतं?”

लोला तार्सिलानं माळ उचलली. त्या दिवसापासून आमच्या वाडीनं रोज सांजेला गुडघे टेकून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, मिरचीच्या आत्म्याला शांती मागितली. खेकड्याच्या वेळी कुणी ना कुणी फसकन हसायचं आणि लोलाची कोपरखळी खायचं. ताऱ्याच्या वेळी हसत नसे कुणी. रात्री माना पोतेन फळीखाली झोपे. तिबोनं विचारलं, “भूत येईल म्हणून राखतेस, की शेजारीण?” ती म्हणाली, “मलाच राखते. पोरगी माझी आहे ना.”

नवव्या दिवशी वाडीनं होतं नव्हतं ते आणलं. तिबोनं गोदीवर न जाता डुक्कर कापलं. केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट गोड भात, नारळाच्या दुधातले मासे, तिबोची लालसर माडी. अंगणात लहान मेज मांडून मेलेल्यांसाठी सहा ताटं वाढली. शेवटची प्रार्थना चालू होती. मेणबत्त्या जळत होत्या, कात्री खाली उतरवलेली होती. आणि माडांच्या ओळीतून मिरची आला.

त्याच्यामागून तिरका तिरका खेकडा. मग नारळ, घुबड, केळफूल. तोंडं काजळलेली, पाठीवर मोठं बोचकं. अंगणात जेवण दिसलं, ताटं वाढलेली दिसली, बाकं रिकामी दिसली. पाची जण हसले आणि जाऊन थेट मेलेल्यांच्या मेजावर बसले.

लोला तार्सिला किंचाळली, “आले! आणि भुकेले आहेत!” तिनं पवित्र पाण्याची बाटली अख्खी मिरचीच्या डोक्यावर रिकामी केली. मिरचीनं तोंड पुसलं, आभार मानले आणि भाताचं पान सोडायला घेतलं. निम्मी वाडी कुंपणापलीकडे गेली.

माना पोतेन मात्र उठली, मेजाशी गेली आणि खेकड्याची कॉलर धरून उलटी केली. आत काळा, तेलकट मळ.

“पळता काय?” ती ओरडली. “भुताची कॉलर इतकी मळते होय? हे जिवंत माणसाचं काम आहे!”

तेव्हा कुठं लोक परत आले आणि जेवणावर तुटून पडले. तिबो युद्धाआधी अमेरिकनांच्या शाळेत इंग्रजी शिकला होता. तो विचारू लागला, ते सांगू लागले. एक विमान पाण्यात पडलं. दुसरं मागच्या तोफेवर. मागचा भाग माशाचं डोकं तोडावं तसा तुटला, पण बोट बुडाली नाही. दुसऱ्या बोटीनं ओढत ओढत आणली, आज सकाळी गोदीत लागली. खेकड्यानं एक हात मेजावर आडवा धरून त्याचं जहाज केलं, दुसऱ्या हातानं विमान आणलं, आणि मग मध्येच थांबून हात खाली ठेवले. हे जेवण कुणाचं, असं घुबडानं विचारलं. तिबोनं सांगितलं. पाची जणांनी आपापल्या ताटाकडे पाहिलं. मग नारळ असा हसला की त्याला ठसका लागला.

माना पोतेन सहाव्या ताटाकडे पाहत होती.

“तारा कुठंय?”

हे त्यांना तिबोशिवाय कळलं.

“आहे,” तिबो त्यांचं ऐकून म्हणाला. “आहे, पोतेन. अमेरिकनांनी विमानांसाठी केलेल्या धावपट्टीपलीकडच्या इस्पितळात. दोन्ही हात, पाठ भाजलीय. जगेल म्हणतात. कपडे जळले त्याचे. नुसत्या चादरीत निजलाय.”

माना पोतेन बाकावर बसली, सहावं ताट पुढं ओढलं आणि त्यातलं सगळं जेवली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं जेवण.

निघताना खलाशांनी आपापली गाठोडी घेतली आणि बोचकं तिच्यापुढं सोडलं. धुणं होतं, आणि तळाशी अधिकाऱ्यांच्या जेवणघरातलं मेजावर घालायचं लांबलचक पांढरं कापड, एका कडेनं जळलेलं. ते फेकून द्यायला सांगितलंय, मिरची म्हणाला, तुला घे. माना पोतेननं तिबोकडून दोनदा खात्री करून घेतली. मग कापड लुदीच्या खांद्यावर टाकलं आणि जळकी कड तिनंच, त्याच कात्रीनं, सरळ कापून काढली. लुदी आईच्या गळ्यात पडली तर म्हणते कशी, “आधी धू. धुराचा वास येतोय.”

दुसऱ्या दिवशी धोपाटण्याचा आवाज फार हलका येत होता. शेजारीण बघायला गेली. माना पोतेन ताऱ्याचे धुतलेले, इस्त्रीचे कपडे पुन्हा पाण्यात बुडवत होती.

“स्वच्छ होते की गं!”

“खळ आहे त्यात. भाजल्या अंगाला पत्र्यासारखी लागेल.”

सगळी खळ निघेपर्यंत तिनं ते पाण्यात खळबळले, पिळले नाहीत, सावलीत वाळवले, आणि हातात चुरून चुरून जुन्या पानासारखे मऊ केले. इस्त्री फिरवली नाही. आयुष्यात तिनं बिनइस्त्रीचे कपडे कुणाला दिले असतील तर ते एवढेच.

ऊन उतरल्यावर तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर गाठोडं.

“मी नेऊन देतो,” तिबो म्हणाला. “लांब आहे. शिपाई आत सोडायचा नाही तुला.”

“त्याची कॉलर उलटी करून दाखवीन शिपायाला.”

“आणि नाव विचारलं तर?”

“तारा सांगीन. न कळायला तो काय देवापेक्षा मोठा आहे?”

ती निघाली. लोला तार्सिला दारात बसून माळ ओढत होती. तिनं माळ थांबवली. लुदी मांडीवर पांढरं कापड घेऊन बघत राहिली. तिबो माडी उतरवायला माडावर चढला. मडकी उतरवून झाली तरी तो खाली येईना. आणखी वर, झावळ्यांच्या बुडख्यापर्यंत गेला. पोवळ्याचा चुरा पसरलेला रस्ता तिथून पांढरा दिसत होता आणि गाठोडंही पांढरं. दोन्ही एक होईपर्यंत तो वर होता.