जिन्यातला सराव

रजा संपायला दहा दिवस उरले होते आणि माझी दहा महिन्यांची लेक मला बाथरूममध्येही एकटीला जाऊ देत नव्हती. दाराबाहेर बसून असा आकांत करायची, की खालच्या मजल्यावरच्यांना वाटावं मी तिला बदडतेय. एवढं चिकटायला हिला सांगितलंय कोणी, असं त्या दिवसांत मला रोज वाटायचं आणि वाटल्याची लाजही वाटायची नाही.

रजेतही दोन-तीनदा कामासाठी ऑफिसला जाऊन आले होते; तेव्हापासून कुर्ता, ओढणी आणि गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र दिसलं की ती भोकाड पसरायची. तिला सांभाळायला पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी यावर उपाय काढला. ऑफिसचे कपडे अष्टौप्रहर घरातच घालायचे, म्हणजे त्यांची भीती मोडेल. सोडून जायचा सराव मात्र गाऊनवर करायचा, म्हणजे तिला संशय येणार नाही. मला हे भलतंच हुशारीचं वाटलं. मग काय, इस्त्रीचा कुर्ता घालून, ओळखपत्र अडकवून मी फोडण्या दिल्या, डायपर बदलले, झोपलेसुद्धा कुर्त्यातच. आणि रोज अकरा वाजता गाऊन चढवून, वर ओढणी घेऊन हळूच दाराबाहेर सटकायचं. सरोजिनी नगरातल्या आमच्या क्वार्टरच्या जिन्यात एक मजला खाली बसायचं, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग तासभर. वर ती रडायची, खाली मी घड्याळ बघत चरफडायचे. शेजारचे काका भाजी घेऊन येताना विचारायचे, "बेटा, आज फिर चाबी भूल गई?" चौथ्या दिवसापासून मी नुसती मान हलवू लागले. समजावणार काय, कपाळ!

सोमवारी कुर्ता घालून ऑफिसला निघाले. लेकीनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वाटी-चमच्यात रमली. दुपारी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, एकदाही रडली नाही. सेक्शनमध्ये मी सगळ्यांना ऐकवलं. मेट्रोतून परतताना मात्र थोडा रागच आला. एकदाही नाही?

घरी पोचले तशी ती खुशीत झेपावली. बराच वेळ खेळलो. मग मी कपडे बदलले आणि गाऊन घालून बाहेर आले. तिनं एकदा पाहिलं आणि किंचाळली. रांगत आली, गाऊनचा घोळ दोन्ही मुठींत धरला, सोडेचना. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि बघतच राहिल्या. दोघींना एकदमच कळलं. ज्या गाऊनमध्ये मी तिला इतके महिने पाजलं, कुशीत झोपवलं, तोच आम्ही पळून जायचा पोशाख करून ठेवला होता. सासूबाईंचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा.

तिला उचलून घेतलं. "आई कुठ्ठे जात नाहीये, राणी," मी म्हणाले.

तिनं मला आणखीच घट्ट धरलं. जिना उतरण्याआधी मी तिला रोज हेच सांगत आले होते.