न्हावी फादरांची पहिली मिस्सा

वेदीसमोर उभं राहताच नव्या फादरांची पाचावर धारण बसली. समोर तीनशे तोंडं, सगळी सरळ त्यांच्याकडे बघणारी. तेवीस वर्षं सलून चालवलेल्या माणसाला लोकांशी बोलायची सवय असते, पण ती आरशातून. गिऱ्हाईक पुढे बघतं, आपण मागून बोलतो, नजर भेटते ती काचेत. इथे काच नव्हती.

आधीचे फादर मोठे पंडित, म्हणून यांनीही आठवडाभर खपून परिचयाचं चार पानी भाषण लिहिलं होतं. पण शेवटच्या बाकावर त्यांना आपली मुलगी दिसली आणि पानं घडीतच राहिली. ती येईल असं वाटलंच नव्हतं. तिची आई गेल्यावर बापाने फादर होण्यासाठी सेमिनरीची वाट धरली, तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही साऱ्या जगाचे फादर व्हा. मग माझं कोण उरलं?" त्यानंतर सहा वर्षं ती कामापुरतं बोलली, पण 'बाबा' म्हणून हाक मारली नाही.

"मी न्हावी होतो," फादर म्हणाले. "माझी बायको वारली. मला एक मुलगी आहे."

"अगं बाई! फादरांना मुलगी?" वेदीशेजारी भजनं म्हणणाऱ्यांतल्या एका आजींच्या तोंडून निघालं, आणि नेमका त्यांच्यासमोरचा माइक चालू होता.

"लहानपणी ती खुर्चीच्या हातांवर टाकलेल्या फळीवर बसायची. कात्री कानाजवळ आली की दर वेळी म्हणायची, 'बाबा, कान सांभाळा हं.' बाकी माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही."

झालं, आटोपलं भाषण.

मग मिस्सा, भाकर आणि द्राक्षारस अर्पण करायची उपासना. ख्रिस्ताचं शरीर झालेली ती पातळ, गोल भाकर उंच उचलताना फादरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या बोटांत वस्तरा धरला, त्याच बोटांत आता देव होता. एवढ्या जगात त्याला हेच हात कसे चालले? त्यांना रडू येईल की काय असं वाटलं.

रांग लागली. ज्याला भाकर घ्यायची नसेल तो छातीवर हात बांधून येई, फादर त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. पण जित्याची खोड! डोकं हाताखाली आलं की दोन बोटं ते आपोआप उजेडाकडे वळवत. टकल्या सुताराचंही वळवलं.

"फादर, इथे तुम्हाला काही काम नाही हो," सुतार म्हणाला. रांगेत हशा पिकला.

आणि मुलगी समोर आली. हात छातीवर बांधलेले. मनात राग असताना भाकर घ्यायची नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. 'आता तरी नीट राहा,' असं त्यांनी बोटांना बजावलं. बोटांनी ऐकलं नाही. डोकं हलकेच वळलं. कानामागचा तो हट्टी भोवरा अजून तिथेच होता.

तिने डोळे मिटले. "बाबा, कान सांभाळा हं."

आशीर्वादाचे शब्द फादरांना आठवेनात. डोक्यावरचा हात खाली सरकला आणि कात्रीपासून वाचवावा तसा त्यांनी तिचा कान हलकेच झाकला.

"होऊ द्या सावकाश," रांगेत मागे उभ्या असलेल्या त्याच आजी म्हणाल्या. "आम्ही थांबतो."

मुलीने डोळे पुसले, छातीवरचे हात सोडले आणि भाकरीसाठी ओंजळ पुढे केली.